पाट ठेवला, नंबर लागला नाही

मी पाट बोलतोय, आणि आधीच सांगतो, मी वैतागलेलो आहे.

फणसाच्या लाकडाचा आहे मी. खालच्या अंगाला तेलरंगात लिहिलंय, 'गुणाजी, वरसे'. तीस वर्षं दर आषाढात गुणाजी मला काखोटीला मारून रोह्याजवळच्या वरसे गावाहून पेणला न्यायचा, दत्तात्रेय मूर्तिकाराच्या कारखान्यात. आमच्याकडे नियम सोपा. आधी आपला पाट ठेवायचा, मग त्यावर आपला गणपती. पाट नाही त्याचा नंबर नाही, मग तो कितीही मोठा असो.

गुणाजी भात-वालाचा शेतकरी. त्याची लेक मैना पुण्यात ताऱ्यांवर संशोधन करते. एका विझत चाललेल्या ताऱ्यामागे ती सहा वर्षं लागली होती. पुढच्या वर्षी तो कुठल्याच दुर्बिणीला दिसला नसता. आता तो दिसेल अशी एकच दुर्बीण, परदेशातल्या डोंगरावर पुष्कळ देशांनी मिळून बांधलेली. पण जो देश तिथे सभासद, त्याच्याच शास्त्रज्ञांना ती मिळते. आपल्या सभासदत्वाची फाईल चार वर्षं दिल्लीत पडून होती.

"म्हंजे आपल्या सरकारनं पाटच ठेवला नाय गो?" गुणाजीनं विचारलं.

"तसंच समजा, बाबा," मैना हसली. "ऑक्टोबरच्या आत सही झाली, तरच माझा अर्ज लागेल."

हसण्यावारी बोलली, पण बापानं मनावर घेतलं. त्या आषाढात गुणाजी मला घेऊन पेणला उतरलाच नाही. थेट दिल्ली!

कचेरीतले साहेब निघाले साताऱ्याकडचे. गुणाजीनं मला त्यांच्या टेबलावर ठेवलं. "साहेब, कारखाना परक्याचा असला तरी पाट आपला ठेवायला लागतो. हा बघा, असा. येवढंच सांगायला आलोय."

साहेब वाईट नव्हते. चहा पाजला, अर्ज लिहून घेतला. पण अर्जासोबत आलेली वस्तू नोंदवावी लागते म्हणे. कारकुनानं माझ्यावर शिक्का मारला आणि लिहिलं, 'लाकडी फळी, एक'.

फळी! मला!

"अवो, आमचा गणपती बसायचाय याच्यावर," गुणाजी कळवळला.

"परत हवा तर वेगळा अर्ज करा," साहेब म्हणाले.

त्या वर्षी शेजारच्या इंदुबाईंनी त्याला आपला जुना पाट दिला. पुढचं मला गुणाजीच्या पत्रांतून कळलं. दर आषाढात तो मला परत मागतो आणि साहेब पत्र मोठ्यानं वाचतात. ऑक्टोबर सही न होताच गेला. मैनानं सहा वर्षांच्या नोंदी एका परदेशी शास्त्रज्ञाला दिल्या, कारण त्याचा देश सभासद होता. तारा त्यानं पाहिला. शोधनिबंधात मैनाचं नाव पाचवं आलं. ऐकून माझ्या अंगाची लाही लाही झाली.

मी सध्या कपाटाच्या तळाशी आहे. फायलींना ओल लागू नये म्हणून त्या माझ्यावर रचल्यात. सगळ्यात खालची, अगदी माझ्या उरावर बसलेली फाईल कोणती, सांगू? तीच, सभासदत्वाची. गणपती निदान दीड दिवसानं उठतो हो, ही उठतच नाही.

परवाच्या पत्रात गुणाजीनं लिहिलंय, मैनानं दुसरा तारा धरलाय. तोही मंदावतोय.

साहेब, ती फाईल उचला. नाहीतर मला तरी सोडा, पेणला रांग लागली असेल.