अर्ध्या किलोची चूक

मित्रांनो, वर अडकवायला एक आकडा, खाली ओझे टांगायला एक आकडा, मध्ये गोल तबकडी आणि पोटात स्प्रिंग, असा मी लहान मुलांचे वजन करणारा ताणकाटा. आता जुना झालो आहे.

कारखान्यातल्या तपासनिसाने मला एकामागून एक वजने टांगून पाहिली आणि "हा खोटं बोलायचा नाही" असे म्हणून शिक्का मारला. पुढची चौदा वर्षे मी एका परिचारिकेबरोबर दवाखान्यात काढली. पहिले मूल येण्याआधी ती रोज रिकामी झोळी टांगून माझा काटा शून्यावर आणायची. मग तिच्यात पाण्याची एक ठरलेली बाटली ठेवून टांगायची. ती बरोबर एक किलो भरली की कामाला सुरुवात. "ताई, वाढलंय का हो?" असे आया विचारत. मी पुढे सरकलो की त्यांचे चेहरे उजळत. त्याचा मला गर्व होता.

एकदा ती मला घेऊन दोन मित्रांबरोबर समुद्रापलीकडच्या देशात निघाली. एक गवंडी, दुसरा शाळेत शिकवणारा. त्याला सगळे मास्तरच म्हणत. पुरानंतर तिकडची मुले आजारी पडली होती. महिनाभर छावणीत काम करायचे होते, एक पैसा न घेता.

निघायच्या दिवशी बॅगांचे वजन करायला मास्तरने मला दाराच्या कडीला अडकवले.

"वह्या भरल्यास की विटा?" गवंडी म्हणाला.

"विटा तुझ्याकडे. मी पोटापुरतं सामान घेतलंय."

"अरे, पोरांचा काटा आहे तो. पंचवीस किलोच्या वर नको टांगूस," परिचारिका म्हणाली.

"अगं, क्षणभर तर टांगायचंय."

तीही हसली. बॅग लटकली. काटा सगळी तबकडी ओलांडून धडकला आणि माझ्या पोटात काहीतरी सैल झाले. बॅग काढल्यावर मी शून्यावर परतलो नाही. अर्ध्या किलोवरच थांबलो. ते कोणी पाहिले नाही. गाडी दारात उभी होती.

छावणीत पोहोचलो, तर रांग आधीच लागलेली. परिचारिका जखमा बांधायला बसली.

"वजनं मी करतो," मास्तर म्हणाला. "आकडा वाचायला काय शिकावं लागतं?"

बाटली पिशवीतच राहिली.

माझ्या तबकडीवर वर्षाच्या आसपासच्या मुलांसाठी लाल खूण होती. तिच्याखाली भरणाऱ्या मुलाला छावणीत ठेवून उपचार करायचे, वर भरणाऱ्याला दुधाच्या भुकटीची पाकिटे देऊन घरी पाठवायचे, असा नियम होता. नदीपलीकडून एक आई चालत आली होती. तिची मुलगी रडतसुद्धा नव्हती. मी तिला लाल खुणेच्या किंचित वर दाखवले. मास्तरने पाकिटे दिली, छावणीतल्या दुभाष्याने समजावून सांगितले. ती बाई मागे वळून पाहत पाहत गेली.

संध्याकाळी परिचारिकेने बाटली टांगली. दीड किलो. तिने मास्तरची यादी ओढून घेतली.

"किती जणांना घरी पाठवलंस?"

"एकवीस," मास्तर म्हणाला.

तिघे तसेच यादी आणि दुभाष्याला घेऊन निघाले. वीस मुले सापडली, परत आणली. नदीपलीकडे पोहोचायला दुसऱ्या दिवसाची दुपार झाली. ती बाई दारातच बसली होती. मुलगी सकाळीच गेली होती.

बाईने आत जाऊन पाकिटे आणली. "एकच फोडलंय," दुभाष्याने तिचे बोलणे सांगितले. "बाकीची कुणाच्या तरी उपयोगी पडतील."

"चूक आमची होती, असं सांग तिला," परिचारिका म्हणाली.

दुभाषा घुटमळला.

"सांग. जसंच्या तसं सांग."

त्याने सांगितले. बाई पाकिटे पुढे धरून तशीच उभी राहिली. मास्तर मागे सरकला. शेवटी गवंड्याने ती घेतली.

मित्रांनो, आता मी कपाटात असतो. दवाखान्यात नवा काटा आला, हे योग्यच झाले. स्वतःसाठी मला काही मागायचे नाही. पण मोजायची कोणतीही वस्तू हाती आली, तर तिच्यावर भलते ओझे टाकू नका. आणि कितीही घाई असो, रिकामी असताना तिचा काटा कुठे उभा आहे, ते आधी पाहा. झोळीतल्या बाळाला आपले वजन स्वतः सांगता येत नाही.