मला रिकामी समजू नका

मित्रांनो, जरा लांबूनच ऐका. मी अमेरिकन सैन्याची जुनी इंधनाची टाकी आहे, आणि आज सकाळपासून माझी भीतीने गाळण उडाली आहे. आज माझ्या पोटाशी एक माणूस आग घेऊन बसला होता.

माझा जन्म अमेरिकेतल्या एका कारखान्यात झाला. तिथल्या म्हाताऱ्या टाक्या तोऱ्यात सांगत, की दुसऱ्या महायुद्धात भले भले देश धापा टाकत खाली बसले. आपला देश मात्र उभा राहिला, कारण तेल आपले, कारखाने आपले आणि ते सगळे समुद्रापार नेणारी जहाजेही आपली. व्हिएतनामचे नाव निघाले, की त्याच टाक्या गप्प! मी तेव्हाच ओळखले, की जमेची बाजू मोठ्याने वाचतात आणि खर्चाची ओठांतल्या ओठांत.

१९९१ साली मी कुवेतच्या लढाईत आले. तेलविहिरी पेटलेल्या, भर दुपारी अंधार. इराकी फौज हटली तेव्हा लोकांनी झेंडे नाचवले. कौतुक सारे रणगाड्यांचे झाले. ते कोणाच्या जिवावर धावले, हे कोणी विचारले नाही. असो. २००३ मध्ये त्याच रस्त्याने मला इराकात नेले. या वेळी मला पाहून रस्त्याकडेच्या आया मुलांना घरात ओढत होत्या. मी तीच, माझा रंगही तोच. त्या दिवशी पहिल्यांदा मला माझीच भीती वाटली.

पुढे सैन्याने मला विकले आणि मी परत कुवेतात, अम्गऱ्याच्या भंगार यार्डात येऊन पडले. इथल्या गाड्यांचे पेट्रोल काही वर्षे माझ्यात साठवत. मग तेही थांबले. पोटात उरली ती नुसती वाफ. आणि माणसांची गंमत बघा, भरलेल्या टाकीजवळ सिगारेट विझवतात आणि रिकामीला टेकून पेटवतात!

आज मुकादम मजीद राजापूरच्या नव्या वेल्डरला, शत्रुघ्नला, घेऊन आला. मजीद जॉर्डनचा. माझ्या पत्र्यावर थाप मारून म्हणाला, “फाडी! मय अव्वल!” आणि फोन कानाला लावून निघून गेला. अरबीत याचा अर्थ, ‘रिकामी आहे, आधी पाणी.’ म्हणजे आधी पाणी भर, मग काप. शत्रुघ्न कुवेतात नवखा. त्याने अरबी मराठीतून ऐकले.

“फाडी काय, माय काय! फाडतो की! माझ्या आयशीवर कशाला जातोस?” असे पुटपुटत त्याने रागारागाने गॅसकटर पेटवला.

मला ओरडता येत नाही. माझा पत्रा कडकडला. त्याला वाटले, उन्हाने. निळी ज्योत वीतभर अंतरावर आली. आता हा जातो, आणि याला मारणारी मीच!

“शत्र्या, बंद कर ते!” क्रेनवरून दापोलीचा यूसुफ किंचाळत उतरला. “कोणी सांगितलं तुला कापायला?”

“मजीदनं. फाड म्हणाला. वर माय काढली माझी.”

“अरे मेल्या, माय नाय, मय! पाणी मागत होता तो! आणि फाडी म्हणजे रिकामी!”

“रिकामी ना? मग एवढे ओरडताय कशाला, यूसुफभाय?”

“रिकामी म्हणूनच! आत पेट्रोलची वाफ कोंडलीय. ठिणगी पडली असती, तर तुझ्या आयशीला गावाला काय कळवलं असतं मी? तिच्या अब्रूसाठी उडालास म्हणून?”

शत्रुघ्नने कटर विझवला. मग त्याने पाण्याची नळी ओढत आणली आणि माझ्या तोंडात सोडली.

पाणी आता चढते आहे. वाफ झाकणातून बाहेर पडते आहे आणि ते दोघे वारा येतो त्या बाजूला, वाफेपासून लांब उभे आहेत. मित्रांनो, एखाद्याचा जोर ओसरला असे दिसले, तरी त्याच्या पोटात काय उरले आहे ते बघितल्याशिवाय त्याच्याजवळ आग नेऊ नका. आणि शब्द कळला नाही, तर लाजू नका, पुन्हा विचारा.

शत्रुघ्ना, घाई करू नकोस रे. मला काठोकाठ भरू दे. मग खुशाल काप.