थेंब पडू दे

आठ महिने भनपुरीच्या शेडमध्ये गुलाबरावांनी त्या बोटीची सेवा केली. तीस वर्षांची मोटर क्रूझर. मालकानं, चारुदत्तनं, लिलावात उचललेली, केबिनचं सागवान काळं पडलेलं, फायबरच्या पोटाला फोड आलेले. गुलाबरावांनी फोड खरवडले, भरले, घासले. पुन्हा भरले, पुन्हा घासले. बाळंतिणीच्या लेकराला चोळावं तसं सागवानाला तेल चोळलं. पाण्यातला पंखा फिरवणारा दांडा नवा बसवला.

आज सकाळी बोट बूढापाऱ्याच्या तलावात उतरली आणि त्यांचा जीव खाली-वर व्हायला लागला. चालवणार होती साक्षी, त्यांची एकुलती लेक. लायसन तिच्याकडंच होतं.

दांडा बोटीच्या पोटातून बाहेर निघतो तिथं पितळी कॉलर असते. तिच्यात चरबीचा दोर ठासलेला. दोन नट कसले की दोर दांड्याला आवळतो. त्या कॉलरमधून आत पाणी गळत होतं. टप्. जरा थांबून पुन्हा टप्.

"बाबा, ये टपकना चाहिए," साक्षी म्हणाली. "इसी पानी से शाफ्ट ठंडा रहता है. किताब में लिखा है."

"हव," गुलाबराव म्हणाले.

पण रेल्वेत चौतीस वर्षं त्यांनी टँक वॅगन दुरुस्त केल्या होत्या. तिथं एक थेंब दिसला की वॅगन परत आणि फिटरची मान खाली. साक्षी लाइफ जॅकेट घालायला वर गेली तसे ते वाकले, पाना लावला, दोन्ही नट पाऊण-पाऊण फेरा कसले. थेंब थांबला. तेव्हा कुठं छाती हलकी झाली.

घाटावर चारुदत्तनं नारळ फोडला. "गुलाबराव, बोट पटरीवरून नाही, पाण्यातून जाणार आहे बरं का! चेहरा कसला केलाय हा?"

"सकायपासून चहा बी नाही घेतला यायनं," माया, त्यांची बायको, म्हणाली. "पोट्टीची पाठवणी करून राह्यल्यासारखे उभे हायेत."

बोट निघाली. मागं पांढरी रेघ उमटली, रुंदावली, विरली. तलावाच्या मध्यावर इंजिनाचा आवाज जड झाला. गुलाबरावांच्या कानाला तो आधी कळला, मग फोन वाजला.

"बाबा, नीचे से जलने की बास आ रही है. धुआँ भी है."

"इंजन बंद कर. आत्ता!"

इंजिनाचा आवाज तुटला. वारा होता, बोट तिरपी होत मधल्या बेटाच्या दगडांकडं सरकू लागली.

"बाबा, हुआ क्या है?"

दोर खराब निघाला, असं म्हणता आलं असतं. चारुदत्त शेजारीच उभा होता. पण नट किती फेरे सोडायचे, ते तिला कसं कळणार?

"मीच कसले," ते म्हणाले. "दोन्ही नट. पाऊण फेरा. तुले न सांगता."

मायानं त्यांच्याकडं पाहिलं. चारुदत्तचं हसू मावळलं. मग साक्षी बोलली, लहानपणी, शाळेत घालायच्या आधी बोलायची तशी, मराठीत.

"बाबा, मले भेव लागून राह्यला. जास्त ढिलं झालं तं पाणी भरन ना?"

भीती त्यांनाही तीच होती.

"हात नको लावू, तापलं असन. वल्लं फडकं ठेव. ठेवलं? आता पाना लाव. पाव फेरा याले, पाव फेरा त्याले. बरोबरीनं." त्यांची बोटं इकडं हवेतच फिरत होती. "आला का थेंब?"

"नाही."

"अजून पाव."

दगड जवळ येत होते. मायाची मूठ त्यांच्या बाहीत रुतली. ये रे, ये, गुलाबराव पुटपुटत होते. चौतीस वर्षं ज्याला हाकललं, त्याला आता लेकरासारखं बोलावत होते. ये रे राजा, ये.

"आला! बाबा, पडला!"

"इंजन लाव."

ते खोकलं, थांबलं, पुन्हा खोकलं आणि लागलं. दगडांपासून हातभर अंतरावर बोटीचं नाक वळलं.

"म्हणजे गळतेच आहे?" चारुदत्तनं विचारलं.

"गळते. गळालीच पाहिजे. चूक माझी होती."

"बाबा," फोनमधून साक्षी म्हणाली, "मी एक चक्कर मारून येते. पाना माझ्यापाशीच राहीन."

नको म्हणायला तोंड उघडलं होतं.

"मार," ते म्हणाले. "पण फोन नको ठेवू."

आणि पूर्ण चक्करभर, फोन कानाला लावून, ते दर मिनिटाला विचारत राहिले, "पडते का?"

"पडते, बाबा."