दहावा लेखांक

नाथाने चपला दाराबाहेर काढल्या, पण आत आल्यावर बसला नाही. कालचा अंक त्याने जेवणाच्या टेबलावर उलगडला आणि चौथ्या पानावर तळाशी बोट ठेवलं.

"ह्ये वाचा, बाई."

गिरिजाबाईंनी चष्मा लावला. तीन ओळी होत्या. राई येथे कुंपणाची भिंत कोसळून एका मजूर महिलेचा मृत्यू झाला. पुढील तपास सुरू आहे.

"नाव न्हाय," नाथा म्हणाला.

ती महिला त्याची वहिनी होती. चंपा. राईच्या खाडीलगत भराव टाकून नवी इमारत उठत होती, तिथे ती घमेली उचलायला जायची. भिंत पडली तेव्हा ती तिच्या सावलीत डबा उघडून बसली होती. नाथा 'दैनिक खाडीकाठ'चा राई-डोंगरी भागाचा बातमीदार. वहिनीला अग्नी देऊन आला, आंघोळ केली आणि दीड पान बातमी लिहून दिली. भराव कुणी टाकला, भिंत कधी बांधली, सगळं त्यात होतं. छापून आल्या त्या तीन ओळी. विचारायला गेला तर सोमवारपासून येऊ नकोस म्हणाले. ज्याची इमारत होती त्याच शेठने दिवाळीत पेपर विकत घेतला होता.

"संपादक साळवींना भेटलास?"

"भेटलू. खाली मान घालून बसलं व्हतं." नाथाने अंकाची घडी घातली. "बाई, तुमचा आयतवारचा सदर हाय. शेठचा नाव नको. तिचा तरी येऊं द्या."

"माझं सदर जर्मनीतल्या पेपरवर आहे, नाथा."

"म्हाईत हाय. वाचतंय ना मी." तो दाराशी गेला, चपलेत पाय घालता घालता थांबला. "गेल्या आयतवारी, जे पेपरात राहिले त्यांचा तुमी लिवलाव. ज्यांना काढला त्यांचा काय झाला?"

गिरिजाबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

गिरिजाबाईंनी मुंबईत तीस वर्षं जर्मन शिकवलं. निवृत्त झाल्यावर गिरगावातली खोली विकून त्या भाईंदरजवळ सिल्व्हर पार्कमध्ये राहायला आल्या. नवरा त्याआधीच गेला होता. इथे त्यांचं जर्मन कुणाच्या उपयोगाचं नव्हतं. हरिश्चंद्र साळवी हा 'खाडीकाठ'चा संपादक. मुंबईतला मोठा पेपर बंद पडल्यावर भाईंदरला आलेला. त्याने एकदा वाचनालयात त्यांचं भाषण ऐकलं आणि म्हणाला, "मॅडम, आमच्या रविवारसाठी लिहा काहीतरी." त्यांनी 'फ्रांकफुर्टर त्साइटुंग'चा इतिहास लिहायला घेतला. बाजारभावाचं पत्रक म्हणून निघालेला पेपर, पुढे साऱ्या युरोपने आवर्जून वाचावा असा झाला. एकाहत्तर साली शिष्यवृत्तीवर फ्रांकफुर्टला असताना ग्रंथालयात बसून त्यांनी त्याचे जुने अंक वाचले होते. त्या पेपरच्या भाषेवर त्यांचा जीव जडला होता.

नाथा गेल्यावर त्यांनी तेव्हाची वही काढली. तेहतीस साली नाझी आले. ज्यू संपादकांना जावं लागलं, पुढच्या वर्षी ज्या कुटुंबाने पेपर उभा केला त्यालाही. जे मागे राहिले त्यांनी आणखी नऊ-दहा वर्षं पेपर चालवला, शेवटी तोही बंद करवला गेला. राहिलेल्यांची वाक्यं त्यांनी पानंच्या पानं उतरवून घेतली होती. उघड बोलता येत नसताना आडून कसं बोलायचं, याचे नमुने. गेलेल्यांबद्दल वहीत एकच ओळ होती. 'पुष्कळजण देशाबाहेर गेले.' ती त्यांनी पुन्हा वाचली. पंचवीस वर्षांच्या मुलीचं टपोरं, नीटनेटकं अक्षर होतं.

गुरुवारी त्या कचेरीत गेल्या. कचेरी भाईंदर पूर्वेला एका गाळ्याच्या माळ्यावर होती. खाली स्टीलच्या वाट्यांना पॉलिश चालायचं, त्यामुळे वर प्रत्येकाला आवाज चढवून बोलायची सवय लागली होती. साळवी मात्र त्या दिवशी हळूच बोलत होता.

"तुम्ही नाथाचं विचारणार, ठाऊक आहे मला."

"चंपाचं विचारते आहे. नाव का नाही दिलंत?"

"नाव दिलं की मागोमाग माणसं विचारतात, कुठे राहायची, कुठे काम करायची. शेठनी स्वतः फोन केला होता." त्याने समोरच्या प्रुफाचा कोपरा दुमडला, सरळ केला, परत दुमडला. "मॅडम, पेपर चालू राहिला पाहिजे. आम्ही इथे राहिलो तर उद्या काहीतरी छापता तरी येईल. सगळेच गेलो तर तेही नाही."

हे वाक्य गिरिजाबाईंचंच होतं. नवव्या लेखांकात, राहिलेल्या संपादकांबद्दल, जवळजवळ याच शब्दांत त्यांनी ते लिहिलं होतं. कौतुकाने. साळवीला ते आठवत होतं की नाही, कळलं नाही.

दहावा लेखांक त्यांनी दोन दिवसांत नव्याने लिहिला. वहीतून नव्हे. शिष्यवृत्तीच्या काळातल्या एका मैत्रिणीला मेल केली, तिने कुठून कुठून शोधून पाठवलं. कोण परक्या शहरात, परक्या भाषेत काम मागत हिंडला, कुणाला गाडीत घालून नेलं आणि तो परत आला नाही, कुणी घराची दारं लावून गॅसची कळ उघडली. सगळ्यांची नावं दिली. आणि शेवटी लिहिलं, 'नाव गाळलं जाणं म्हणजे काय, हे कळायला फ्रांकफुर्टला जावं लागत नाही. बारा जानेवारीला राईत भिंतीखाली सापडून मेलेल्या बाईचं नाव चंपा राघो म्हात्रे होतं. खारफुटीवर टाकलेल्या भरावावर ती भिंत दोनच महिन्यांपूर्वी बांधली होती.'

हे छापलं जाणार नाही, अशी त्यांची खात्री होती. शेवटचा परिच्छेद उडेल, मग आपण सदर बंद करू, असं त्यांनी मनाशी ठरवलंही होतं. पाकीट साळवीच्या हातात दिलं.

"मोठा झालाय का?" त्याने विचारलं.

"चार ओळींनी."

"बसेल."

रविवारी लेख पूर्ण छापून आला. गिरिजाबाईंनी तो शेवटपासून वाचला.

सोमवारी त्या उत्तनच्या बसने राईला उतरल्या. नाथा घरी नव्हता, काम शोधायला वसईला गेला होता. त्याचा भाऊ राघो ओट्यावर बसला होता. शेजारच्या कुणीतरी अंक आणून दिला होता, तो त्याने कोनाड्यातून काढला.

"मना वाचता येत न्हाय. खय हाय तिचा नाव?"

त्यांनी दाखवलं. राघोने तिथे अंगठा ठेवला. जाळं ओढून ओढून रुंद झालेल्या त्या अंगठ्याखाली सगळं नाव झाकलं गेलं.

"आनि ह्ये वरती येवढा लिवलाय, ह्ये कोन?"

"पेपरवाले होते. त्यांना काढून टाकलं होतं."

"मेले?"

"काही मेले."

राघोने मान हलवली. आत हाक मारून नाथाच्या बायकोला पाणी आणायला सांगितलं.

पुढच्या रविवारी अकरावा लेखांक आला नाही. त्या जागी राईतल्या घरांची जाहिरात होती, खाडीच्या दृश्यासकट. गिरिजाबाईंनी कचेरीत दोनदा फोन केला, कुणी उचलला नाही. त्यांना कुणाचं पत्र आलं नाही, कुणी धमकावलं नाही, सोसायटीत कुणी काही बोललं नाही. काहीच झालं नाही. याचंच त्यांना भय वाटू लागलं.

बुधवारी सकाळी अकराला बेल वाजली. दारात साळवी होता. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, खांद्याला जेवणाच्या डब्याची पिशवी. ही त्याची कचेरीत असण्याची वेळ होती.

त्यांनी चहा टाकला. तो खिडकीपाशी बसून खालच्या रिक्षा बघत राहिला.

"शेवटचा परिच्छेद तुम्ही वाचला होता?" त्यांनी विचारलं.

"प्रूफ मीच बघतो ना. दोनदा वाचला." त्याने कप बशीत ठेवला. "'खारफुटी'तला फु दीर्घ पडला होता. दुरुस्त केला."

"मग काढला का नाहीत?"

साळवीने खांदे किंचित उचलले.

"मॅडम, जर्मन शिकायला किती दिवस लागतात?"

"का?"

"नाही, वेळ आहे आता."

स्वयंपाकघरात कुकरची वाफ सुटली. गिरिजाबाईंनी त्याच्या पिशवीकडे पाहिलं.

"घरी सांगितलंत?"

"माझ्या मुलीचं, रुचिताचं, इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष आहे. परीक्षा होऊ दे, मग सांगेन." त्याने मनगटावरचं घड्याळ पाहिलं. "रोज निघतो त्याच वेळेला निघतो. आठवडाभर तलावाकाठी बाकावर बसलो. पण तिथे ओळखीचे लोक भेटतात." तो जरा थांबला. "साडेसहापर्यंत इथे बसलो तर चालेल?"

गिरिजाबाई उठल्या. पंखा एकाने वाढवला आणि दुसरी खुर्ची टेबलाशी ओढली.