मधल्या खोलीतली ओल

जयाच्या घरातली मधली खोली आधी अंधारी नव्हती. रामनगरातला सासऱ्यांचा प्लॉट दोघा भावांत वाटला गेला, थोरले दीर प्रभाकरराव यांनी आपल्या अर्ध्यात दुमजली घर उठवलं आणि त्यांची भिंत जयाच्या नवऱ्याच्या, मुकेशच्या, भिंतीला खेटून आली. मधल्या खोलीला एकच खिडकी होती, ती बुजली. त्यावरून दोघं भाऊ भांडले, बोलणं बंद झालं. दोन दिवाळ्या त्यांची आई आनंदाबाई एका घरी फराळ करून दुसऱ्या दाराकडे बघत राहिली. मग मुकेशला डेंग्यू झाला. प्रभाकरराव सगळ्यांच्या आधी दवाखान्यात पोचले, रक्तासाठी धावपळ केली, आणि त्यानंतर खिडकीचा विषय कोणी काढला नाही. रोज सकाळी ते चहाला यायला लागले. आईच्या खाटेच्या पायथ्याशी बसायचे, बशीत ओतून चहा प्यायचे, मास्तरकीच्या काळातले किस्से सांगायचे. आनंदाबाईची खाट मधल्या खोलीतच होती. वर्ध्याच्या उन्हाळ्यात घरातली तेवढीच खोली गार राहायची.

जयाला त्या खोलीत काहीतरी हिरवं हवं होतं. तिने तुळस ठेवून पाहिली, ती झडली. गुलाबाची नुसती काडी उरली. मग एकदा ती माहेरी, केळझरला गेली असताना शेतातल्या जुन्या विहिरीत वाकून बघत होती. आतल्या दगडांच्या सांधीत, जिथं ऊन कधी पोचत नाही तिथं, काळ्या तारेसारख्या देठांचा हंसराज नेचा दाटून उगवला होता. भावाने पायऱ्या उतरून मुळासकट एक झुबका काढून दिला. ओल्या फडक्यात गुंडाळून तो तिने एसटीत मांडीवर ठेवून आणला.

पहिला झुबका मेला. तिने त्याला कुंडीत काळी माती घातली होती आणि रोज नळाचं पाणी ओतलं होतं. दुसऱ्या खेपेला ती शिकली. काळी माती पाणी धरून बसते, म्हणून तिने पालापाचोळ्याचं खत, नारळाचा भुसा आणि विटेचे बारके तुकडे कालवले. नळाचं पाणी बादलीत शिळं करून घातलं. कुंडीखाली परातीत खडे पसरून त्यात पाणी ठेवलं, म्हणजे मुळं बुडत नाहीत पण भोवतालची हवा ओलसर राहते. दारातून येणारा उजेड कमी पडायचा, म्हणून एक एलईडी ट्यूब दिवसभर चालू ठेवली. हंसराज तगला. मग सेवाग्राम रोडच्या नर्सरीतून तिने लांब झुपकेदार पानांचे नेचे आणले, पक्ष्याच्या घरट्यासारखा गोल वाढणारा एक आणला, आणि पावसाळा आला की सुरीने मुळं कापून एकाचे दोन करायला लागली. मुकेशचं बजाज चौकाजवळ कुलर दुरुस्तीचं दुकान. त्याने खोलीच्या दारात मोठा कुलर बसवून दिला. भर मे महिन्यात बाहेर डांबर वितळत असताना जयाचे नेचे त्या ओल्या हवेत हलत असायचे.

"ह्या पानाले कीड लागली," मुकेश एकदा पान उलटं करून म्हणाला.

"कीड नाई ते. त्याचं बी आहे. नेच्याले फूल नाई येत, असेच ठिपके येतात."

आनंदाबाईला ते ठिपके फार आवडायचे. "बिना फुलाचं लेकुरवाळं," असं म्हणून ती खाटेवरूनच हात लांब करून पानं कुरवाळायची. सुनेचं आणि तिचं फार गुळपीठ नव्हतं, पण झाडांपाशी दोघींचं जमायचं.

गेल्या पावसाळ्यापासून आनंदाबाईला खोकला लागला. थंडीत तो कमी झाला नाही. एप्रिलमध्ये कुलर सुरू झाला तशी तिला धाप लागायला लागली. पंपाचं औषध आलं, वाफ झाली. मुकेश एक-दोनदा म्हणाला, "जया, ह्या खोलीत ओल लय झाली. झाडं समोर ठेव न."

"समोर दुपारचं ऊन येते. एका दिवसात जळतात ते."

"मंग काही काढून टाक."

"पाहतो," ती म्हणाली. पण तिने फक्त परातीतलं पाणी कमी केलं. सासूच्या उशाजवळचा एक नेचा तेवढा पायथ्याशी सरकवला. मनात तिला थोडी भीती वाटत होती; पण खोलीत पाऊल टाकल्यावर ती सगळी पानं दिसली की तिला ती भीती खोटी वाटायची.

मेच्या मध्यावर एका दुपारी आनंदाबाईचे ओठ निळे पडले. जयाने हाक मारली तर नुसते डोळे फिरले. शेजारच्या ऑटोवाल्याने गल्लीतच ऑटो वळवला, मुकेश दुकानातून थेट दवाखान्यात आला. नाकातोंडावर मास्क लागला, सुई लागली, तासाभराने श्वास जरा खाली बसला. तरुण डॉक्टरने विचारलं, "घरात ओल आहे का कुठे? बुरशी? तिचे कण श्वासातून आत जातात."

जया काही बोलायच्या आत मुकेश म्हणाला, "झाडं आहेत साहेब. खोलीभर. आई तिथंच झोपते."

"झोपायच्या खोलीत? आजच काढा."

जयाने सासूकडे पाहिलं. मास्कच्या वर आनंदाबाईचे डोळे उघडे होते. तिने ते हळूच मिटून घेतले.

मुकेश कपडे आणायला घरी गेला आणि जाता जाता सगळ्या कुंड्या उचलून गच्चीवर ठेवून आला. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. आईची खोली मोकळी करायची एवढंच त्याला सुचत होतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जया घरी आली आणि गच्चीवर गेली. स्लॅबवर पाय ठेववत नव्हता. नेच्यांची पानं तपकिरी होऊन वळली होती, हात लावला की चुरा होत होता. केळझरच्या हंसराजाच्या नुसत्या काळ्या तारा उभ्या होत्या. तिने पाणी घातलं नाही. खाली येऊन आंघोळ केली, भात लावला, डबा भरला आणि परत दवाखान्यात गेली.

जाताना गल्लीत जाऊबाई भेटल्या. "झाडाइचा एवढा सोस बरा नाई, जया," त्या म्हणाल्या. जयाने मान हलवली. तिला स्वतःलाही तेच वाटत होतं. मुकेशने सांगितलं होतं, तेव्हाच काढली असती तर. पाच-सहा हिरव्या पानांसाठी आपण एका म्हातारीचा जीव टांगणीला लावला, हे तिच्या डोक्यातून जाईना. दवाखान्यात सासूचे पाय चेपताना ती म्हणाली, "आई, माहं चुकलं."

आनंदाबाईने मान भिंतीकडे वळवली. "झोपू दे मले," एवढंच म्हणाली.

घरी आणल्यावर तिची खाट समोरच्या खोलीत टाकली. मधली खोली धुवून पुसून कोरडी करायची म्हणून जयाने सामान हलवायला घेतलं. लाकडी कपाट जड होतं. तिने आतले कपडे काढले, कप्पे काढले आणि एक बाजू धरून ते पुढे ओढलं.

मागची भिंत काळी होती. कमरेच्या उंचीपासून वर, तिचा हात पोचत नव्हता तिथपर्यंत, काळे-हिरवे डाग पसरले होते. मध्ये मध्ये पांढरी लव उगवली होती. गिलावा फुगून सुटला होता. कपाटाच्या पाठीच्या फळीवरही तीच लव. तिने हात लावला. बाहेर मडक्यातलं पाणीसुद्धा उडून जात होतं, आणि ही भिंत ओली होती. जमिनीलगतचा भाग मात्र कोरडा होता. पाणी वरून येत होतं. भिंतीच्या त्या बाजूला प्रभाकररावांची वरची न्हाणी होती.

आणि तिचे नेचे तर समोरच्या भिंतीला असायचे.

ती तशीच उभी होती. मग तिला आठवलं. हे कपाट आधी दाराजवळ होतं. गेल्या दसऱ्याच्या साफसफाईत आनंदाबाईनेच ते इथं सरकवायला लावलं होतं. येता-जाता अडते म्हणाली होती.

पाठीमागे पाय घासल्याचा आवाज आला. आनंदाबाई चौकट धरून उभी होती. तिने भिंतीकडे पाहिलं, जयाकडे पाहिलं.

"तुम्हाले मालूम होतं," जया म्हणाली.

"बसू दे मले."

जयाने स्टूल दिलं. आनंदाबाईने श्वास गोळा केला. "पाण्याचा आवाज ये मले. तिकडं कोणी आंघोळ केली का आत झिरपल्यासारखं होये. हात लावून पाह्यला तर ओलं."

"मंग सांगतलं काऊन नाई?"

"कोणाले सांगू? मुकेशले? तो तसाच तिकडं धावला असता. परभाकर म्हणला असता, माह्या घराले नाव ठेवतं का. झालं मंग. एका खिडकीपायी दोन वर्षं पाह्यलं न तू?"

"आणि माह्या झाडाइचं नाव निघालं, तवा?"

आनंदाबाईने स्टुलाजवळ पडलेला गिलाव्याचा पोपडा पायाने बाजूला सारला.

"मी तुमच्या पायाशी बसून चुकलं म्हटलं, आई. तवाही नाई बोलल्या तुम्ही."

"झाडंच होते न बाई," आनंदाबाई म्हणाली. "झाडाले काय लागते. आणखी आणता येतात. कपाट लाव परत तिथंच. मी समोरच्या खोलीतच राह्यतो आता. कोणाले काही कळत नाई."

जयाचा हात कपाटावर होता. एका रेट्यात ते मागे गेलं असतं. तिला राग आला होता, पण ओरडावंसं वाटत नव्हतं. समोरची म्हातारी बोलून दमली होती आणि तिच्या छातीतून अजून शीळ वाजत होती. तिने हात काढून घेतला आणि सासूला दंडाला धरून खाटेपर्यंत नेलं.

संध्याकाळी मुकेश आला तेव्हा तिने त्याला भिंत दाखवली. आईला माहीत होतं, हे मात्र सांगितलं नाही.

"हे आपल्याच झाडाइचं पाणी असन," तो आधी म्हणाला.

"झाडं त्या बाजूनं होते. आणि झाडाचं पाणी वर चढते का? हात लावून पाहा."

त्याने हात लावला, वर पाहिलं, आणि चप्पल न घालता बाहेर पडला. आनंदाबाईने खाटेवरून हाक मारली, ती त्याला ऐकू गेली नाही.

गल्लीत आवाज चढले. "माह्या घरचं पाणी तुह्या घरात कसं येईन? बायकोनं खोलीची विहीर करून ठेवली, तिले विचार!" हे प्रभाकररावांचं. मुकेशने खिडकीपासून सुरुवात केली आणि वडिलांच्या दहाव्यापर्यंत गेला. शेजारी दारात आले. शेवटी प्रभाकरराव तरातरा घरात शिरले, मधल्या खोलीत गेले, भिंतीसमोर थांबले. हात वर करून त्यांनी ओल चाचपली. जाताना ते आईच्या खाटेजवळून गेले, पण थांबले नाहीत.

दोन दिवसांनी त्यांच्या न्हाणीतली फरशी फोडल्याचा आवाज आला. पाइप सांध्यात फुटला होता. नवा टाकला. पावसाळ्याच्या तोंडावर भिंत सुकत आली, मुकेशने गिलावा खरवडून चुना मारला. आनंदाबाईचा श्वास सुधारला. तपासणीला नेलं तेव्हा जयाने डॉक्टरला विचारलंच, "साहेब, त्या झाडाइनं झालं होतं का? का भिंतीनं?"

"दोन्हीनं असेल. भिंतीनं जास्त, बहुतेक. नक्की नाही सांगता येत." त्याने पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

जयाला वाटलं होतं, आपण सुटू. पण तसं झालं नाही.

प्रभाकरराव चहाला यायचे बंद झाले. त्यांच्या घरून आईसाठी पपई यायची, फोन यायचा, ते स्वतः येत नव्हते. मुकेशही त्यांना बोलावत नव्हता. आनंदाबाई सकाळी उठून समोरच्या खोलीत दाराकडे तोंड करून बसायची. चहा समोर थंड व्हायचा, साय धरायची.

"तू सांगतलं नसतं तर," एका सकाळी ती म्हणाली.

"तर तुम्ही मेल्या असत्या, आई."

"मेली असती. पण दोघंही खांद्याले असते."

जया कप उचलून आत गेली. ओट्याशी उभी राहून तिला वाटलं, ह्या बाईने माझी झाडं जाळू दिली, मला दोषी ठरू दिलं, आणि अजून तिच्या तोंडून एक शब्द निघत नाही. आणि तरीही बाहेर प्रभाकररावांच्या स्कूटरचा आवाज आला तशी ती पदराला हात पुसत गल्लीत गेली.

थोरल्या दिरांशी ती आजवर उंबऱ्याबाहेर कधी बोलली नव्हती. प्रभाकररावांनी स्कूटर थांबवली, पण बंद केली नाही.

"भाऊजी, चहा ठेवला आहे. आई वाट पाह्यते."

"बँकेत जाणं आहे," ते म्हणाले. हँडलवरच्या पिशवीचा बंद त्यांनी उगाच घट्ट केला. "श्वास कसा आहे तिचा?"

"बरा आहे. तुम्ही आले तर आणखी बरा होईन."

ते समोर बघत राहिले. "मुकेश तोंडात येईन ते बोलला मले. सगळ्या गल्लीसमोर. अन् तो पाइप... मले खरंच मालूम नव्हतं, जया."

"हाव भाऊजी."

"पाहू," ते म्हणाले आणि निघून गेले. वळणावर त्यांनी मागे पाहिलं नाही.

जया घरात आली. आनंदाबाईने मान उंच करून विचारलं, "परभाकर होता न? काय म्हणला?"

"उद्या येतो म्हणले," जया म्हणाली आणि तिच्यासाठी नवा चहा टाकायला आत गेली.