मिनलचा गणिताचा तास

मी एक जुना लाकडी फळा आहे. भाईंदर पूर्वेच्या एका मराठी शाळेत, सातवीच्या वर्गात माझी उमेदीची वर्षं गेली. मित्रांनो, सुतारानं मला असं गुळगुळीत घडवलं होतं, की खडू टेकताच अक्षर उमटायचं. गणिताचे महिपत सर पाहुण्यांनाही माझं कौतुक सांगायचे.

एकदा सहामाही परीक्षेनंतर सरांनी माझ्यावर आकडे मांडले. ज्या मुलांच्या घरी आई किंवा वडील एकटेच होते, त्यांतली बरीचशी गणितात नापास होती. आकडे खरे होते. सरांनी वर मथळा लिहिला, 'एकच पालक, म्हणून नापास', आणि या मुलांची वेगळी तुकडी करायचं ठरवलं. ते सांगायला त्यांनी त्यांतल्याच मिनलच्या आईला, अंबिकाला बोलावलं. ती स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पहाटेच्या पाळीला जायची. नवरा वर्षापूर्वीच वारला होता.

तिनं माझ्यावरचं सगळं वाचलं आणि शांतपणे म्हणाली, "सर, मिनलचे पप्पा होते तेव्हापण सकाळी पाण्यासाठी नळावर तीच उभी राहायची. गणितात तेव्हापण नापासच व्हायची. मग आता कारण मी एकटी, असं कसं?"

दुसऱ्या दिवशी सरांनी मुलांना विचारलं, सकाळी घरचं पाणी कोण भरतं? गणिताचा तास पहिला, आणि पाणी भरणारी मुलं नेमकी तोच चुकवत होती. त्यांत आईवडील दोघंही असलेली मुलं होती. उलट रोशनला फक्त वडील, पण घरात नळ. तो वर्गात पहिला यायचा.

सरांनी मथळा पुसला. नवा लिहिला नाही. मुख्याध्यापकांना म्हणाले, "आता लगेच पाण्याला दोष देत नाही. आधी तास बदलून बघू."

गणित मधल्या सुट्टीनंतर गेलं. वेगळी तुकडी झाली नाही. वार्षिक परीक्षेत मिनल पास झाली, पाणी भरणारी इतर बरीच मुलंही. ईश्वर नावाचा मुलगा तेवढा पुन्हा अडकला. त्याला माझ्यावरचं दिसतच नव्हतं, हे चष्मा लागला तेव्हा कळलं.

पुढे पांढरे फळे आले आणि मी जिन्याखाली पडलो. एक कोपरा वाळवीनं खाल्ला. मग जवळच्या चेणे गावातल्या बालवाडीनं मला नेलं. आता मुलं माझ्यावर बेडूक काढतात. मी सुखात आहे.

मित्रांनो, मला कोरड्या फडक्यानं पुसत जा, पाणी मला सोसत नाही. आणि कुणाच्या घराबद्दल माझ्यावर काही लिहायचं असेल, तर त्या घरातल्या माणसाला आधी बोलावून विचारा.