बाबांच्या कवळीचं माप

पहिली वाटाण्याएवढी पेस्ट फेकून द्यायची. तिच्यात जांभळं आणि पांढरं अजून वेगवेगळं असतं.

शवागारातला माणूस म्हणाला, कपडे आणा, बूट नकोत. पाय सुजतात.

सरोवरावर जलपर्णी इतकी दाटली आहे की होड्या काठालाच अडकून पडल्यात.

पूर्वी आम्हा लुओ लोकांत मुलाला पुरुष करताना त्याचे खालचे पुढचे सहा दात काढत. तो रडला तर घरचे माना खाली घालत. आता कुणी काढत नाही.

नळीचं टोक पेस्टमध्ये बुडालेलंच ठेवायचं. वर उचललं की हवा शिरते.

माझी आई शनिवारी गेली.

मी अपोंडी. सरोवराकाठच्या किसुमूत डॉक्टर वाफुलांच्या दातांच्या दवाखान्यात मदतनीस आहे. कवळीसाठी तोंडाचं माप घेतात, त्याची पेस्ट कालवणारं मशीन मी चालवते. सोमवारी मी कामावर गेले. आत्या म्हणाली, आई तिकडे बर्फात आणि तू बटणं दाबायला निघालीस. मी हो म्हटलं. मशीन दुसऱ्या कुणाला चालवता येत नव्हतं असं नाही.

काम सोपं आहे. आत दोन पिशव्या, एक जांभळी, एक पांढरी. बटण दाबून धरलं की दोन्ही नळीत एकमेकींत वळत जातात आणि फिकट जांभळा एकच रंग बाहेर येतो. ट्रे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकवत भरायचा. मशीन घरघरत असतं तोवर कुणी काही विचारत नाही.

त्या दुपारी बाबा आले. कोट घालून, टोपी हातात धरून. कवळी हवी म्हणाले.

आईने वर्षानुवर्षं मागे लागूनही त्यांनी बसवून घेतली नव्हती. पुढचे सहा लहानपणीच गेलेले, बाकीचे म्हातारपणी पडले. ती त्यांना मक्याच्या पिठाची उगाली रश्श्यात कुस्करून द्यायची. त्यांचं बोलणंही तीच लोकांना सांगायची. ते हिरड्यांवर काहीतरी घोळवायचे, ती शेजारून म्हणायची, ते म्हणतायत, गाय विकायची नाही. आता येत्या शनिवारी दफन होतं. कबरीपाशी नवऱ्याने बोलायचं असतं. बाबांना बोलता आलं नाही तर धाकटे काका बोलणार होते, आणि काकांचं आईशी कधी पटलं नव्हतं.

डॉक्टर म्हणाले, एरवी या कामाला महिना जातो. मग माझ्याकडे बघून म्हणाले, शुक्रवारी देतो.

ते बुकुसू जमातीचे. खुर्ची मागे करता करता त्यांना राहवलं नाही. म्झे, म्हणजे वडीलधारे, अशी हाक मारून म्हणाले, "म्झे, आमच्यात मुलगा पुरुष होतो तो खाली कापून. तुमच्यात तोंडातलं उपटून. तुमचं बरंय, हसलं की पुरावा दिसतो."

बाबा काहीतरी बोलले. डॉक्टरांनी खुर्चीच्या डाव्या बाजूला पाहिलं. अर्थ सांगायला तिथे कुणी नव्हतं.

"ते म्हणतात, तुमचा पुरावा झाकलेलाच ठेवा," मी म्हटलं.

डॉक्टर हसले. मी पहिली पेस्ट फेकली आणि ट्रे भरायला घेतला. वरचं माप नीट आलं. खालचा ट्रे अर्धा भरला आणि लाइट गेली. जनरेटर सुरू झाला तोवर ट्रेमधली पेस्ट घट्ट व्हायला लागली होती. ती खरवडून टाकायला हवी होती. मी तिच्यावरच उरलेली भरली आणि ट्रे डॉक्टरांच्या हातात दिला. माप बाहेर आलं तेव्हा मधोमध शिवण होती. डॉक्टरांनी ते मला दाखवलं. मी नवीन नळी लावली.

दुसऱ्या वेळी बाबांना उमासे आले. डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. डॉक्टर म्हणाले, तू धर, तुझ्या हाताने शांत राहतील. पेस्ट घट्ट होईपर्यंत मी दोन बोटांनी ट्रे खाली दाबून धरला. बोटांच्या कडेला हिरडी लागत होती. पुढच्या बाजूला ती झिजून सुरीच्या पात्यासारखी झाली होती. मोठी झाल्यापासून मी बाबांना हात लावला नव्हता. ते माझ्याकडे बघत होते, पाणी कानाकडे जात होतं. मी घड्याळाकडे बघत होते.

ट्रे निघाल्यावर त्यांनी चूळ भरली आणि सावकाश, मला कळेल असं म्हणाले, "पुढच्या सहा जागा मोकळ्या ठेव. तिच्यासमोर दुसऱ्याचं तोंड घेऊन उभा राहणार नाही."

मी ते डॉक्टरांना सांगितलं. डॉक्टरांनी कवळ्या बनवणाऱ्या लॅबवाल्या ओछोलाला फोन करून सांगितलं.

मापाकडे पाहिलं तर सगळीकडे दात नाहीत एवढंच दिसतं. पडलेले कुठले आणि काढलेले कुठले, ते दिसत नाही.

शुक्रवारी ओछोला स्वतः कवळी घेऊन आला. पूर्ण होती. खालचे पुढचे सहा दात सगळ्यात सुंदर होते, एकाला किंचित तिरकं बसवलं होतं, खरं वाटावं म्हणून. निरोप विसरलास का, असं मी विचारलं. तो म्हणाला, नाही ताई, ऐकला होता. त्याच्या आजोबांचेही असेच काढलेले. मरेपर्यंत मक्याचं कणीस समोरून चावता आलं नाही त्यांना. "लहानपणी जे हिसकावलं ते परत द्यावं म्हटलं. या सहांचे पैसे नकोत मला."

बाबांनी कवळी हातात घेतली, उलटसुलट पाहिली. ओछोलाच्या खांद्यावर थोपटलं. मग डॉक्टरांकडे देऊन म्हणाले, "काढ."

डॉक्टरांनी ड्रिल लावलं. बाबा खुर्चीत बसले, हात मांड्यांवर, पाठ ताठ, हनुवटी वर. कवळी दूर टेबलावर होती. दात एकेक करून ट्रेमध्ये पडत होते. बाबांनी पापणी हलवली नाही. ओछोला बाहेर जाऊन उभा राहिला. संपल्यावर डॉक्टर म्हणाले, "रडला नाहीत, म्झे." या वेळी ते हसले नाहीत.

तिथून आम्ही आईला आणायला शवागारात गेलो.

शनिवारी मंडपात बाबा उठले. काकाही अर्धे उठले होते, ते पुन्हा बसले. बाबा बराच वेळ बोलले. आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जात होता. मी ऐकत होते: वरची सुटत नव्हती, खालची उचलली जात नव्हती, कुठे टकटक नाही, फटीतून थोडी शीळ, तीही बोलता बोलता कमी झाली. कडा बरोबर बसल्या होत्या. खालचं दुसरं माप चांगलं आलं होतं.

बायका रडत होत्या. बाबा बसल्यावर मी आत्याला विचारलं, काय म्हणाले.

"पहिल्या रांगेत बसली होतीस ना तू?"

हो, मी म्हटलं.

आत्याने माझ्याकडे नीट पाहिलं, मग माझा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला आणि पहिल्यापासून सांगायला लागली. मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले. तिच्या वरच्या बाजूची एक दाढ किडली होती.

मशीन खोक्यातून निघालं त्या दिवशी आई बाजारातून मासे घेऊन दवाखान्यात आली होती, आणि त्याचं बटण पहिल्यांदा तिने दाबलं होतं.